अर्जापासून बंदुकीपर्यंत

अल्जिरियाचा विषय निघाला की आमच्या मंडळींना दोनच गोष्टी आठवतात. एक अमीर अब्दुल कादिर यांची आणि दुसरी १ नोव्हेंबर १९५४ च्या रात्रीची. पहिलीत घोडा आणि तलवार आहे, दुसरीत बॉम्ब आणि बंदूक. मधल्या शंभर वर्षांत तिथले मुसलमान काय करीत होते, हे सहसा कोणी विचारत नाही. अमीरांनी डिसेंबर १८४७ मध्ये शरणागती पत्करली. त्यानंतर १८७१ चा मोकरानीचा मोठा उठाव झाला आणि तोही चिरडला गेला. मग १९५४ पर्यंत तीन पिढ्या आल्या आणि गेल्या. त्यांतल्या बहुतेकांनी हत्यार हाती घेतले नाही. त्यांनी अर्ज केले, सभा भरवल्या, वर्तमानपत्रे काढली, शिष्टमंडळे पॅरिसला पाठवली. त्या अर्जांचे काय झाले हे पाहिल्याशिवाय नोव्हेंबरची ती रात्र समजत नाही, असे आम्हाला वाटते.

सुरुवातीची हकिकत थोडक्यात सांगतो. फ्रान्सने घेतलेल्या गव्हाचे पैसे थकले होते. त्या बोलाचालीत १८२७ साली अल्जियर्सच्या दे हुसेन याने फ्रेंच वकिलाला हातातल्या पंख्याने मारले. त्या अपमानाचे निमित्त करून १४ जून १८३० रोजी फ्रेंच फौज किनाऱ्यावर उतरली आणि ५ जुलैला शहर पडले. तहात लिहिले होते की रहिवाशांचा धर्म, मालमत्ता आणि व्यापार यांना धक्का लागणार नाही. अडीच वर्षांच्या आत केचावा मशिदीचे चर्च झाले. त्याहून मोठा घाव वक्फवर बसला. तिथे वक्फला हबूस म्हणतात. मदरसे, मशिदी, विहिरी, वाटसरूंच्या सोयी, सारे हबूसच्या उत्पन्नावर चालत असे. ते उत्पन्न सरकारजमा होताच मदरसे आपोआप ओस पडले. पुढे हेच सरकार म्हणू लागले की हे लोक अडाणी आहेत.

जमिनीचेही तेच झाले. टोळीच्या सामाईक जमिनी १८६३ आणि १८७३ च्या कायद्यांनी तुकड्या तुकड्यांत मोडल्या आणि विक्रीला मोकळ्या झाल्या. १८७१ च्या उठावानंतर दंड आणि जप्ती म्हणून आणखी जमिनी गेल्या. फ्रान्समधल्या द्राक्षबागा कीड लागून मेल्या, तेव्हा अल्जिरियाच्या सुपीक पट्ट्यात द्राक्षांचे मळे उठले आणि दारू ही देशाची सर्वांत मोठी निर्यात ठरली. ज्यांच्या आजोबांनी तिथे गहू पेरला होता ते मजुरीवर द्राक्षे खुडू लागले.

पण आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १८६५ चा कायदा. त्याने सांगितले की अल्जिरियाचा मुसलमान हा फ्रान्सचा प्रजाजन आहे, नागरिक नव्हे. नागरिक व्हायचे असेल तर त्याने अर्ज करावा आणि आपला मुस्लिम व्यक्तिगत कायदा सोडावा. निकाह, तलाक आणि वारसा यांबाबत फ्रेंच कायदा मानावा. समाजाच्या दृष्टीने हे धर्म सोडल्यासारखेच होते. पुढच्या सत्तर वर्षांत ही अट मान्य करणाऱ्यांची संख्या काही हजारांपलीकडे गेली नाही. व्यक्तिगत कायद्याच्या वादात वाढलेल्या आमच्या वाचकांनी येथे घाई करू नये. त्या कायद्यात सुधारणा हवी की नको, हा तिथला प्रश्नच नव्हता. सत्तेला सुधारणा नको होती, तिला दरवाजा बंद ठेवण्यासाठी एक कुलूप हवे होते. १८७० साली अल्जिरियातल्या ज्यूंना सरसकट नागरिकत्व देण्यात आले, त्यांच्यापुढे अर्जाची वाट ठेवली गेली नाही. १८८१ पासून मुसलमानांसाठी निराळे दंडविधान आले. परवानगीवाचून गाव सोडले किंवा अधिकाऱ्याशी उद्धटपणे बोलले, तरी खटल्याशिवाय दंड आणि कैद.

दुसरी विसंगती याहून बोलकी आहे. १९०५ साली फ्रान्सने धर्म आणि राज्य वेगळे केले. अल्जिरियात मात्र मशिदी सरकारच्या ताब्यात आणि इमाम, मुफ्ती सरकारच्या पगारावर राहिले. १९३१ साली शेख अब्दुल हमीद बिन बादीस यांच्या नेतृत्वाखाली उलेमांची संघटना उभी राहिली. तिच्या मागण्यांत एक ठळक मागणी अशी होती की १९०५ चा कायदा इस्लामलाही लावा, सरकारने मशिदीतून बाहेर पडावे. उलेमा धर्म आणि राज्य वेगळे करा म्हणत होते आणि धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताक नकार देत होते! आमच्याकडे हा तपशील फारसा माहीत नाही.

आता फरहत अब्बास यांच्याकडे येऊ. जन्म १८९९ चा, वडील सरकारी कायद, शिक्षण फ्रेंच, व्यवसाय सेतिफ गावात औषधांच्या दुकानाचा. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तत्त्वांवर त्यांची मनापासून श्रद्धा होती. १९३६ साली त्यांनी लिहिले की अल्जिरियन राष्ट्र शोधायला आपण इतिहासाकडे गेलो, कबरस्तानातही गेलो, ते कुठेच सापडले नाही. त्यांना फक्त समान फ्रेंच नागरिकत्व हवे होते. बिन बादीस यांनी त्यांना जाहीर उत्तर दिले की असे राष्ट्र आहे आणि त्याला स्वतःचा धर्म, भाषा आणि इतिहास आहे. तिसरा आवाज मेसाली हाज यांचा. पॅरिसच्या कारखान्यांत राबणाऱ्या अल्जिरियन मजुरांमधून १९२६ साली निघालेल्या संघटनेचे ते पुढारी आणि स्वातंत्र्याची उघड मागणी करणारे.

त्या वेळी फ्रान्सला अब्बास हवे असते तर मिळाले असते. १९३६ मध्ये ब्लूम सरकारने एक विधेयक आणले. सुमारे वीस-पंचवीस हजार शिकलेल्या, लष्करात नाव कमावलेल्या मुसलमानांना व्यक्तिगत कायदा न सोडता मताधिकार द्यावा, एवढेच त्यात होते. लाखोंच्या वस्तीत ही मूठभर माणसे. तरी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या नगराध्यक्षांनी राजीनाम्याच्या धमक्या दिल्या आणि विधेयक संसदेत चर्चेलाही आले नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत अब्बास यांनीच जाहीरनामा काढला. आता त्यांची मागणी फ्रेंच होण्याची नव्हती, अल्जिरियन राज्याची होती.

मग ८ मे १९४५ उजाडला. जर्मनी शरण आला होता. अल्जिरियाचे हजारो जवान इटलीत आणि फ्रान्समध्ये लढले होते. सेतिफला त्या मंगळवारी बाजाराचा दिवस होता. विजयोत्सवाच्या मिरवणुकीत पुढे मुस्लिम बालवीर होते आणि मध्ये अल्जिरियाचा झेंडा निघाला. पोलीस झेंडा हिसकावायला गेले, गोळी चालली आणि झेंडा धरणारा तरुण बूझिद साल मारला गेला. जमाव उसळला. पुढच्या काही दिवसांत शंभरेक युरोपियन मारले गेले, त्यांत निरपराधही होते. नंतर फौजेने गावांवर विमानांतून बॉम्ब टाकले, युद्धनौकेतून तोफा डागल्या. गेल्माला वसाहतवाल्यांनी टोळ्या करून माणसांना रांगेत गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा फ्रेंच सरकारने हजार-दीड हजार सांगितला, अल्जिरिया ४५ हजार सांगतो. अब्बास त्या दिवशी विजयाचे अभिनंदन करण्यासाठी अल्जियर्सला गव्हर्नर जनरलच्या कचेरीत गेले होते. तिथेच त्यांना अटक झाली. बंडखोरी मोडणाऱ्या जनरल दुवालने वरिष्ठांना बजावले की मी तुम्हाला दहा वर्षांची शांतता दिली आहे, त्या मुदतीत काही केले नाही तर पुढचा उठाव याहून वाईट असेल.

त्या दहा वर्षांत काय केले? १९४७ चा कायदा. विधानसभेत १२० जागा, ६० सुमारे दहा लाख युरोपियन आणि काही निवडक मुसलमानांना, ६० बाकीच्या ऐंशी लाखांना. त्या अर्ध्या जागांच्या निवडणुकाही १९४८ मध्ये सरकारी यंत्रणेने उघडपणे लबाडी करून जिंकल्या. पेट्या बदलल्या, उमेदवारच तुरुंगात घातले. शाळेची गोष्ट अशी की १९५४ साली दहा मुस्लिम मुलांपैकी दोघांनाही शाळा मिळत नव्हती.

त्यामुळे १९५४ साली ज्या तरुणांनी बंदूक घेतली त्यांच्यात आम्हाला आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसत नाही. अहमद बेन बेला यांना इटलीच्या लढाईतील शौर्यासाठी फ्रान्सनेच पदक दिले होते. मेसाली यांचा पक्ष भांडणात फुटला होता आणि हे तरुण पुढाऱ्यांची वाट पाहायला तयार नव्हते. मे १९५४ मध्ये दिएन बिएन फू येथे व्हिएतनामींनी फ्रेंच फौजेला हरवले. बातमी अल्जिरियाच्या कानावर पडायला वेळ लागला नाही. १ नोव्हेंबरला सत्तरएक ठिकाणी हल्ले झाले आणि राष्ट्रीय मुक्ती आघाडीचे पत्रक निघाले. अब्बास दीड वर्ष थांबले, मध्यस्थीचे प्रयत्न केले आणि १९५६ मध्ये कैरोला जाऊन आघाडीत सामील झाले. अर्ज करणाऱ्यांतला शेवटचा माणूस असा पलीकडे गेला.

युद्ध साडेसात वर्षे चालले. त्यातील फ्रेंच छळछावण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला मात्र एक गोष्ट लपवून पुढे जाता येत नाही. आघाडीनेही आपल्याच माणसांना सोडले नाही. १९५७ मध्ये मेलूझा भागात मेसाली यांच्या बाजूचे समजून सुमारे ३०० गावकरी, सारे मुसलमान, तिच्या लढवय्यांनी कापून काढले. मेसाली यांनी तीस वर्षे स्वातंत्र्य मागितले आणि स्वातंत्र्याच्या युद्धात ते शत्रू ठरले. बळींचा अल्जिरिया सरकारचा आकडा १५ लाखांचा आहे, इतिहासकारांचे अंदाज त्याहून पुष्कळ कमी आहेत. कमी धरला तरी तो लाखांत आहे.

मार्च १९६२ मध्ये एव्हियांचा करार झाला. स्वातंत्र्याचा दिवस ५ जुलै ठेवला, कारण १८३० साली शहर त्याच तारखेला पडले होते. केचावा पुन्हा मशीद झाली. फरहत अब्बास संविधान सभेचे अध्यक्ष झाले. वर्षभरात संविधानाचा मसुदा सभेला बाजूस सारून पक्षाने तयार केला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. १९६४ मध्ये त्यांना पकडून सहाराच्या वाळवंटात ठेवले गेले. मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८४ साली, त्यांचे पुस्तक आले. त्याच्या नावाचा अर्थ होतो, जप्त झालेले स्वातंत्र्य.