समेट आणि आनंद : टिळक दांपत्याच्या चरित्रातील एक प्रश्न

पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात ईश्वराशी झालेला समेट आणि त्यातून उपजणारा आनंद यांची सांगड घातलेली आहे. मूळ ग्रीक शब्दात देवघेवीचा, अदलाबदलीचा अर्थ आहे; मराठी पवित्र शास्त्रात रूढ झालेला ‘समेट’ हा शब्द मात्र तंट्याच्या व्यवहारातला. दोन पक्षांतील वैर मिटले की समेट होतो. परंतु ईश्वराशी समेट करताना आप्तांशी वैर ओढवले, तर त्या आनंदाचे स्वरूप काय राहते? अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजेच आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, ख्रिस्ती इतिहासात या प्रश्नाला टिळक दांपत्याच्या चरित्राइतके बोलके उत्तर क्वचितच सापडेल.

अमेरिकन मराठी मिशनचे नगर येथील कार्य 1831 साली सुरू झाले. 1842 साली ‘ज्ञानोदय’ पत्र येथूनच निघाले. पुढे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनपद्धती ख्रिस्ती उपासनेत आणली. उपदेशाने समजावलेला सिद्धांत टाळ-वीणेच्या साथीने गाण्याची वाट अशा रीतीने नारायण वामन टिळकांच्या (1861–1919) आगमनापूर्वीच तयार झाली होती.

टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस झाला. त्यांच्या लेखी तो दीर्घ शोधाचा शेवट होता; लक्ष्मीबाईंच्या लेखी तो संसाराचा विध्वंस होता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयास राहिल्या. त्यांतील काही काळ पंढरपुरात गेला. एकाच घटनेने एका माणसाचा ईश्वराशी समेट घडला आणि त्याच घटनेने त्याचे घर दुभंगले. ही विसंगती केवळ टिळकांच्या घरापुरती नव्हती. त्या काळी उच्चवर्णीय कुटुंबांतून झालेल्या अनेक धर्मांतरांच्या मुळाशी ती आढळते.

पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या, त्या धर्म बदलण्यासाठी नव्हे. आपले सोवळे त्यांनी सांभाळले. 1934 पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हा काळ विनोदबुद्धीने आणि निर्भीडपणे वर्णिला आहे. त्यांच्या मनातील अडसर तत्त्वचर्चेने दूर झाला नाही. जातिभेद ईश्वराने केला की माणसाने, या विचाराने तो प्रथम हलला. मग कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याइतके त्यांचे मन मोकळे झाले आणि अखेर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे माणसांशी समेट आधी आणि बाप्तिस्मा नंतर, असा क्रम दिसतो. टिळकांचा क्रम याच्या उलट होता.

यावरून, बाप्तिस्म्यानंतरच्या वियोगकाळात टिळकांना आनंद नव्हताच, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. इतके मात्र खरे की, त्यांच्या भक्तिरचनेत पुढे आढळणारा आनंद एकाकी मुमुक्षूचा नाही. तो सांगाती शोधणारा आहे. ‘अभंगांजली’साठी त्यांनी संतांचे अभंगवृत्त स्वीकारले, ते केवळ सोयीसाठी नव्हे. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताजवळ आलो, अशी त्यांची धारणा होती. ज्या परंपरेशी त्यांचे नाते तुटले असे लोक समजत होते, तिच्याशी केलेला हाही एक समेटच होय.

1917 साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना तेथे स्थान द्यावे, हा त्यामागील संकल्प होता. दोनच वर्षांनी त्यांचा अंत झाल्यामुळे तो पुरता फळास आला नाही. तथापि ज्या संस्काराने एकेकाळी स्वतःचे घर दुभंगले, त्यावाचून कोणी परका ठरू नये, असे त्यांना उतारवयात वाटावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ईश्वराशी झालेला समेट माणसांपर्यंत पोहोचल्यावाचून आनंद पूर्ण होत नाही, हेच या दांपत्याच्या चरित्राचे तात्पर्य म्हणावे लागेल.