खाण बंद करायचे पैसे कुणाचे?

१ जानेवारी १८७७, नागपूर

आज जिथे तुम्ही एम्प्रेस सिटी मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभे राहता, तिथे आता ओल्या चुन्याचा वास येतोय. जुम्मा तलावाकाठची ही दलदलीची जागा बुजवून जमशेटजी टाटांनी कापडाची गिरणी उभी केली आहे आणि आज ती सुरू होतेय. तिकडे दिल्लीत आजच व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करताहेत, म्हणून गिरणीला नाव एम्प्रेस मिल. फाटकाशी जमलेल्या घोळक्यात एका सावकाराची गोष्ट रंगलीय. टाटांनी त्याच्याकडे भांडवल मागितलं, तेव्हा खड्डे बुजवण्यात पैसे घालायला मी काही वेडा नाही, असं सांगून त्याने वाटेला लावलं होतं. पुढे हाच माणूस कबूल करणार आहे, की टाटांनी जमिनीत माती टाकली आणि सोनं काढलं.

मुंबई सोडून टाटा इथे आले याची कारणं साधी आहेत. कापूस आसपास पिकतो, रेल्वे दहा वर्षांपूर्वीच, १८६७ साली नागपुरात पोचली आहे, आणि वर्धा खोऱ्यातला वरोऱ्याचा कोळसा हाताशी आहे. बॉयलरपाशी जा. ढिगातला एक तुकडा उचला. बोटं काळी होतात, आणि तुकडा जरा दाबला की पापुद्रे सुटतात. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओल जास्त. उघड्यावर फार दिवस पडला की तडकतो, ढीग मोठा असेल तर आपोआप धुमसायलाही लागतो. भट्टीशी उभ्या असलेल्या माणसाला विचारा, ही खाण संपली तर? तो घाम पुसत हसतो. "धरतीच्या पोटातला माल हाय, मालक. सरन कसा?"

हा प्रश्न खिशात ठेवा. पुढच्या प्रत्येक मुक्कामावर तो विचारायचा आहे.

१९०६, वरोरा

हा मुक्काम छोटा आहे. वरोरा म्हटलं की तुम्हाला आनंदवन आठवतं, पण बाबा आमट्यांना यायला अजून चार दशकं आहेत. आत्ताचं वरोरा कोळशाचं गाव आहे, आणि कोळसा थांबतो आहे. सरकारने चालवलेली ही खाण १८७०च्या दशकात सुरू झाली, कोळशासाठीच वर्ध्याहून इथवर रूळ आले. उण्यापुऱ्या पस्तीस वर्षांत खाण बंद. काम आता बल्लारपूरकडे सरकलं आहे. भट्टीवाल्याचं उत्तर एका माणसाच्या हयातीतच खोटं ठरलं.

इथे कुणाला विचारणार, की बंद झालेल्या खाणीची जबाबदारी कुणाची? तो प्रश्न घेऊन बसणारं टेबलच अजून कुठल्या कचेरीत नाही. माल काढला, रूळ राहिले, माणसं पांगली.

१ मे १९७३, कामठीचं कोळसा क्षेत्र

महाराष्ट्र दिन, कामगार दिन, आणि बिनकोक (नॉन-कोकिंग) कोळशाच्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणाचा दिवस, सगळं एकाच तारखेला. जानेवारीच्या अखेरीस सरकारने खाणींचा ताबा घेतला होता. आजपासून त्या कायद्याने देशाच्या मालकीच्या. हाजरीच्या खिडकीशी पहिल्या पाळीची रांग लागलीय. पत्र्यावर खडूने आकडे लिहिलेत. एक जण कॅप लॅम्पचा पट्टा कमरेला आवळत म्हणतो, "मालक बदलला भाऊ, खड्डा थोच हाय." शेजारचा त्याला गप्प करतो. त्याला आशा आहे, आणि ती खोटी ठरणार नाही. दोन वर्षांत पहिला राष्ट्रीय वेतन करार लागू होईल, पगाराला नियम येईल, क्वार्टर, दवाखाना येईल. १ नोव्हेंबर १९७५ला कोल इंडिया स्थापन होईल आणि नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये तिच्या वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडचं, म्हणजे वेकोलिचं, मुख्यालय बसेल. उमरेड, सावनेर, कामठी इथल्या कित्येक घरांत 'मुलगा वेकोलित लागला' हे वाक्य पेढ्यांसकट सांगितलं जाईल. कोळशाबद्दल बोलताना हे पेढे विसरणाऱ्याचं म्हणणं इथे कुणी ऐकून घेत नाही, आणि घेऊही नये.

एक वर्ष पुढे सरका, उत्तरेला छिंदवाडा रोडने. कोराडीच्या जगदंबेच्या देवळामागे चिमणी उभी राहिली आहे. १९७४ साली औष्णिक केंद्राचा १२० मेगावॉटचा पहिला संच सुरू होतो. तारांमधून गुणगुण ऐकू येते, आणि राज्याला वीज हवीच आहे. प्रकल्पात जमीन गेलेला एक शेतकरी बांधावर उभा आहे. घरात एकाला नोकरी, थोडा मोबदला, असं त्याला सांगितलंय. त्याला तुमचा प्रश्न विचारा: हे बंद होईल तेव्हा? तो तुमच्याकडे खुळ्याकडे पाहावं तसं पाहतो. आत्ताच तर चालू झालं.

२०२०, अल्बर्टा

मध्येच एक लांबची उडी, कारण आपला प्रश्न तिथे आपल्या आधी ऐरणीवर आला. १३ फेब्रुवारी १९४७ला कॅनडात एडमंटनजवळ लेडूक इथे तेल लागलं, तेही १३३ कोरड्या विहिरी खणून झाल्यावर. त्या दिवसापासून अल्बर्टा प्रांत तेलावर उभा राहिला. तिथले वाद ऐकाल तर विदर्भातल्या चहाच्या टपरीवर बसल्यासारखं वाटेल. पश्चिमेने तेल काढायचं आणि पूर्वेने धोरण ठरवायचं का? पाइपलाइन कुणाच्या जमिनीतून? ट्रान्स माउंटन ही पाइपलाइन २०१८ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने साडेचार अब्ज कॅनेडियन डॉलरना विकत घेतली. हवामानबदलाची भाषा करणाऱ्याच सरकारने तेलाची नळी घेतली, म्हणून दोन्ही बाजूंनी टीका झाली.

तुम्ही उतरता ते मात्र एका गव्हाच्या शेतात. मधोमध गंजलेला लोखंडी नळ. विहीर आटली, कंपनी बुडाली, विहीर मागे राहिली. असल्या विहिरींना तिथे अनाथ म्हणतात, आणि त्या बुजवण्यासाठी वेगळी संस्था चालवावी लागते. २०२० साली तिथल्या केंद्र सरकारने पश्चिमेच्या तीन प्रांतांतल्या सोडलेल्या विहिरी साफ करायला १.७ अब्ज कॅनेडियन डॉलर दिले. नफा ज्यांनी नेला ते वेगळे, आणि बुजवायचं बिल भरणारे करदाते वेगळे.

जुलै २०२२, खसाळा

परत या. पाऊस धो धो कोसळतोय. आपल्याकडच्या कोळशात राख फार. शंभर टन जाळला की साधारण तीस ते चाळीस टन राख उरते. काही सिमेंटला जाते, काही विटांना, रस्त्यांना. उरलेली पाण्यात कालवून पाइपाने दूरच्या बंधाऱ्यात सोडतात. तिथे राख खाली बसते आणि पाणी वर राहतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांच्या पट्ट्यातला खसाळ्याचा असाच एक बंधारा आज फुटला आहे.

तुम्ही शेताच्या कडेला उभे आहात. पुराचं पाणी तांबूस असायला हवं, हे करडं आहे. पऱ्हाटीची रोपं देठापर्यंत बुडाली आहेत. हात घाला: बोटांमधून रेतीसारखं नाही, पिठासारखं काहीतरी सरकतं. दोन दिवसांनी ऊन पडलं की हेच पीठ आवळून कडक होईल आणि रोपाची मुळं त्यात अडकतील. शेतातल्या बाई म्हणतात, "दरसाल हवेतून येते, औंदा पान्यातून आली." दोरीवरचे कपडे झटकून घालणं, पाण्याचा माठ झाकून ठेवणं त्यांच्या हाताला सवयीचं आहे. करडं पाणी ओढ्यांनी नदीकडे गेलं, कन्हानकडे गेलं. नागपूरच्या मोठ्या भागाला पाणी त्याच कन्हानवरून येतं. आतापर्यंत ही गावांची गोष्ट होती. आता ती शहराच्या नळापर्यंत आली.

याच वर्षी, मे महिन्यात, अल्बर्टातल्या केर्ल या तेलवाळूच्या खाणीशी गाळाच्या तलावातून दूषित पाणी झिरपताना दिसलं. खालच्या अंगाला राहणाऱ्या मूळ रहिवाशांचं म्हणणं, की आम्हाला पुरती हकिकत कळायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. खसाळा आणि केर्ल यांच्यामध्ये अर्धी पृथ्वी आहे, पण गणित एक आहे. जे विकलं जातं त्याचा पैसा रोजच्या रोज मोजला जातो. जे उरतं ते तलावात साठवून पुढच्यांवर ढकललं जातं.

२९ मे २०२३, कोराडी

नवतपा सुरू आहे. कान-डोकं बांधून माणसं जनसुनावणीला आली आहेत. जुन्या संचांच्या जागी ६६० मेगावॉटचे आणखी दोन संच उभारायचे, असा महानिर्मितीचा, म्हणजे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचा, प्रस्ताव आहे. तसले तीन इथे आधीच चालू आहेत. मंडपात पंखे फिरताहेत, पण हवा गरमच. पुढच्या रांगेत पोलीस, मागे गावकरी, मध्ये कागदांच्या फायली घेतलेले पर्यावरणवाले.

सगळ्यांचं नीट ऐका, कारण इथे कुणीच मूर्ख नाही. एक तरुण म्हणतो, पोरांना काम कुठे आहे, प्रकल्प आला पाहिजे. एक शेतकरी विचारतो, बारा-बारा तासांचं भारनियमन विसरले काय? नवा संच त्याच विजेसाठी कमी कोळसा जाळतो, हे अधिकाऱ्याचं म्हणणंही खरं आहे. दुसरी बाजू म्हणते, गंधकाचा धूर रोखायचे नियम डिसेंबर २०१५मध्ये आले, मुदत दोन वर्षांची होती, आणि ती वाढतच चालली आहे. जुनं पाळलं नाही तर नव्यावर विश्वास का ठेवायचा? मागून एक आवाज येतो, "राख आमाले अन् उजेड पुन्या-मुंबईले!" टाळ्या याच वाक्याला पडतात.

टाळ्या पडल्या तरी तुमचा प्रश्न राहिलाच आहे. भाषणं दोनच शब्दांभोवती फिरताहेत, हवा आणि नको. पण समजा प्रकल्प झाला. असं केंद्र पंचवीस-तीस वर्षं चालतं, म्हणजे २०५५च्या आसपास त्याचा शेवट. भारताने २०७० सालापर्यंत नेट झिरोचा शब्द ग्लासगोच्या हवामान परिषदेत दिलाय. तेव्हा शेवट येणार हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. त्या दिवशी काय करायचं, यावर मात्र मंडपात कुणी बोलत नाही.

परतीच्या वाटेवर

वरोऱ्यानंतर काहीच बदललं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑगस्ट २००९पासून कोळसा खाणीला बंद करण्याची योजना आधीच द्यावी लागते, आणि त्यासाठीचे पैसे एस्क्रो, म्हणजे त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या, खात्यात टाकावे लागतात: त्या वेळच्या भावाने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख, भूमिगत खाणीला १ लाख रुपये. डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने राख पूर्ण वापरण्याचं बंधन घातलं, साठलेल्या जुन्या राखेलाही दहा वर्षांची मुदत लावली. वेकोलिने पाटणसावंगीच्या खाणीतलं पाणी शुद्ध करून बाटलीत भरलं, सावनेरला पर्यटकांना खाण दाखवायला सुरुवात केली, मातीच्या ढिगाऱ्यांतून रेती वेगळी केली. नागपूरचं सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या केंद्राला जाऊ लागलं, तेवढं धरणाचं पाणी वाचलं. मनात आणलं तर जमतं, हे यातून दिसतं.

पण या तरतुदींचा क्रम पाहा. खड्ड्याचा हिशेब आला, राखेचाही आला. माणसांचा सगळ्यात शेवटी येतो. कायम नोकरीवाल्याला निवृत्तिवेतन आहे. ठेकेदाराकडच्या ड्रायव्हरचं काय? राखेच्या विटा पाडणाऱ्याचं, क्वार्टरच्या फाटकाशी समोसे तळणाऱ्या बाईचं काय? बंद पडलेल्या एम्प्रेस मिलच्या कामगारांना विचारता आलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की जागेवर मॉल उभा राहिला म्हणजे गिरणीतल्या माणसाची सोय झाली असं होत नाही.

२००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अशा मोठ्या प्रकल्पासाठी जनसुनावणी होते, मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, आणि लेखी हरकत कुणालाही नोंदवता येते. पुढच्या सुनावणीला जाल तेव्हा प्रकल्पाच्या बाजूने बोला किंवा विरोधात, तो तुमचा हक्क. फक्त त्या मराठी सारांशात एक पान शोधा: हे केंद्र कोणत्या वर्षी बंद होईल, तोवर राखेचे बंधारे कोण रिकामे करेल, ठेक्यावरच्या माणसांना काय मिळेल, आणि हे पैसे आजपासून कोणत्या खात्यात जमा होतील. पान सापडलं नाही, तर अहवाल अपुरा आहे असं लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.