लुना ते सुपरड्युअल: नगरच्या दुचाकींची बैठक

नगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कायनेटिक उद्योगाची ओळख 1972 मध्ये आलेल्या लुना या 50 सीसी मोपेडने घडवली. तिची बैठक, म्हणजे सीट, हँडल आणि फूटरेस्ट यांच्या परस्पर अंतरांतून ठरणारी चालकाची अंगस्थिती, सायकलीचीच असल्याने ती कोणाला वेगळी शिकावी लागली नाही. पुढे 2018 च्या सुमारास याच समूहाच्या मोटोरॉयलने एसडब्ल्यूएम सुपरड्युअल टी या 600 सीसीच्या उंच मोटारसायकलीची जुळणी नगरला केली, तेव्हा मात्र बैठक हा खरा अभ्यासाचा विषय ठरला.

फूटरेस्ट खाली घेतल्यास गुडघे मोकळे होतात, परंतु वळणावर गाडी कलली की तोच फूटरेस्ट रस्त्याला लवकर घासतो. हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल किंचित मागे फिरवल्यास मनगटांवरचा भार हलका होतो, पण पुढच्या चाकावरचे वजन घटून वळणातील पकडीचा अंदाज मंदावतो. शिवाय क्लच व ब्रेकचे लिव्हर पुन्हा हाताच्या रेषेत आणावे लागतात आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, हे पाहावे लागते. लुनाच्या चालकाला यातले काहीच करावे लागले नव्हते.