घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलताना जे घाईत सुटलं ते इथे भरलंय, त्यामुळे ऑडिओशी शब्दाला शब्द जुळणार नाही. चालवून घ्या.

मी राहतो भाईंदर पूर्वेला, खारीगावात. इथून गोल्डन नेस्टवरून काशिमिऱ्याला या, हायवेने थोडं उत्तरेला जा, की येतं घोडबंदर. आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो ते. ट्रॅफिकला शिव्या घालताना नाव घेतो ते. पण फोड करून बघा: घोड आणि बंदर. अरबी घोडे या खाडीत उतरायचे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. वर टेकडीवर पोर्तुगीजांचा किल्ला आहे. वसईच्या मोहिमेत, म्हणजे १७३७ ते १७३९ मध्ये, चिमाजीअप्पांच्या काळात तो मराठ्यांकडे आला.

हे सगळं बहुतेकांना माहीत असतं. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता. घोडा बोटीत चढला कसा? चारशे किलोचं जनावर, पायाखाली हलणारी फळी, समोर अंधारं भोक. त्याला चढवायचं कुणी आणि कसं? इतिहासाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘अमुक हजार घोडे आयात झाले’. जणू तांदळाची पोती.

मार्को पोलोपासून सुरुवात करू, कारण तो आपल्या शेजारचाच विषय सांगतो. तेराव्या शतकाच्या शेवटाला त्याने ठाण्याबद्दल लिहून ठेवलंय. इथल्या राजाचा म्हणे समुद्रातल्या चाच्यांशी करार होता: लुटीतला बाकी माल तुमचा, पण घोडे सापडले तर ते मला द्यायचे. विचार करा, सोनं नको, रेशीम नको, घोडे हवेत! पश्चिमेकडून घोडे भरभरून येत होते आणि आपल्या दमट हवेत ते चांगले निपजत नव्हते, म्हणून ही ओढ.

आणि ते येत कशातून? होर्मुझच्या गलबतांबद्दल पोलोचं मत फार वाईट आहे. लोखंडी खिळे नाहीत, फळ्या काथ्याने शिवलेल्या. वर डेक नाही. माल भरायचा, त्यावर कातडी पसरायची, आणि त्या कातड्यांवर घोडे उभे करायचे. खाली खजूर की काय, वर घोडा, आणि चहूबाजूंनी अरबी समुद्र. तुम्ही-आम्ही बुजलो असतो तिथे.

आता पैशाची गोष्ट, कारण माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. वस्साफ नावाचा इराणी इतिहासकार त्याच सुमाराची दक्षिणेतल्या पांड्य राज्याची हकीगत देतो. तिथे ठरलेलं होतं की घोडा वाटेत मेला तरी त्याची किंमत राजाने द्यायची. पुढे दोनशे वर्षांनी विजयनगरमध्ये हाच प्रकार. फर्नाव नुनिश हा पोर्तुगीज, स्वतः घोड्यांचा व्यापारी, १५३५च्या आसपास तिथे होता. साळुव नरसिंह राजाबद्दल तो लिहितो की राजा घोडे जिवंत किंवा मेलेले, दोन्ही घ्यायचा. समुद्रात मेलेल्या घोड्याची फक्त शेपटी आणून दाखवायची, पैसे पूर्ण.

नुसती शेपटी दाखवून पैसे! मंडळी, या एका ओळीसाठी मी हा भाग केला असं समजा. घोडा घाबरून पाय मोडून घेतो की शांतपणे उभा राहतो, याने व्यापाऱ्याच्या खिशाला काहीच फरक पडत नसेल, तर त्याला समजावत बसणार कोण? दोर बांधा, ओढा, मारा, कोंबा. राजाचा हेतू व्यापार वाढवण्याचा होता, हे मान्य. पण किंमत घोड्याने मोजली.

बरं, तेव्हा लोकांना कळतच नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. ग्रीसमध्ये झेनोफन नावाचा सेनानी होता, आजपासून साधारण २३५० वर्षांपूर्वीचा. त्याने घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलंय. त्याचं म्हणणं असं: घोड्याशी रागाच्या भरात कधी वागू नका. तो एखाद्या वस्तूला बुजला तर आधी तुम्ही स्वतः तिला हात लावून दाखवा, मग त्याला हळूहळू जवळ न्या. मारलंत तर त्याची भीती वाढेल, कारण दुखणं त्या वस्तूमुळेच झालं असं त्याला वाटेल.

बघा हं, आपल्या मराठीत या गोष्टीसाठी वेगळं क्रियापदच आहे: बुजणं. घोडा चिडला, घोडा अडला, आणि घोडा बुजला, या तीन वेगळ्या गोष्टी. बुजला म्हणजे काहीतरी दिसलं आणि अंग मागे आलं. त्यात हट्ट नाही. आणि त्यावरचा उपायही भाषेत आहे: चुचकारणं. ही शब्दांची पुंजी राजांची नाही, मोतद्दारांची आहे. मोतद्दार म्हणजे घोड्याची चंदी, खरारा, आगाडी-पिछाडी बघणारा माणूस. पागेतल्या सरदाराचं नाव बखरीत येतं, मोतद्दाराचं सहसा नाही.

घोडा का बुजतो, तेही सांगतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त थेट शेपटीमागचं आणि अगदी कपाळासमोरचं दिसत नाही. म्हणजे ज्या फळीवर पाय ठेवायचा, ती अगदी तोंडाशी आली की नीट दिसेनाशी होते. ती बघायला त्याला मान खाली घालावी लागते. आणि आपण काय करतो? दोर वर खेचतो. दुसरं, उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तिसरं, पोकळ फळीवर टाप पडली की ढब्ब आवाज येतो, आणि मोकळ्या माळावर पळून जीव वाचवणाऱ्या जनावराला पायाखालची जमीन पोकळ वाजणं म्हणजे धोकाच. चौथं, कळपातला प्राणी एकटा कोंडला जाणार. एवढं सगळं असताना जो घोडा पहिल्याच फटक्यात आत जातो, त्याचंच मला नवल वाटतं.

इंग्रजी काळात बोटी मोठ्या झाल्या, पद्धत मात्र लगेच सुधारली नाही. पोटाखाली जाड कापडाची झोळी घालायची आणि क्रेनने उचलून बोटीत ठेवायचं, हा सर्रास प्रकार. ऑस्ट्रेलियातून फौजेसाठी येणारे वेलर घोडे मद्रासला यायचे, तिथे तेव्हा धड बंदर नव्हतं, म्हणून त्यांना समुद्रात उतरवून पोहत किनाऱ्याला आणायचे. मुंबईत १८७५ला ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस डॉक झाला, आणि बोट धक्क्याला लागायला लागली. धक्का आणि बोट एका पातळीत आली की घोड्याचं निम्मं काम होतं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रस्त्यावरचा मोठा किस्सा इंग्लंडचा. १८३६ साल. तेव्हा शर्यतीचे घोडे शर्यतीच्या गावाला चालत जायचे, लांब असेल तर पंधरा-पंधरा दिवस. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकचा एलिस नावाचा घोडा दक्षिणेत गुडवुडला होता, शर्यत उत्तरेत डॉनकास्टरला. तो आता वेळेत पोचत नाही असं समजून बुकींनी भाव वाढवून ठेवले. बेंटिंकने त्याला आतून गादी लावलेल्या गाडीत घातलं, ती गाडी सहा घोड्यांनी ओढली, आणि एलिस ताजातवाना पोचून सेंट लेजर जिंकला. घोड्याला घोडे ओढतायत, हे दृश्यच भारी.

आपल्याकडे मुंबई-पुण्याचं चक्र बघा. पावसाळ्यात पुण्याला रेस, हिवाळ्यात महालक्ष्मीला. म्हणजे शर्यतीचे घोडे दरवर्षी घाट चढतात आणि उतरतात, आता खास गाड्यांतून. हे घोडे तुलनेने सहज चढतात. जातीने शहाणे असतात म्हणून नव्हे. स्टड फार्मवर शिंगरू असल्यापासून त्यांना हात, दोर, फळी, बंद जागा सगळ्याची ओळख करून दिलेली असते.

याच्या उलट सारंगखेडा. नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापीचा काठ, दत्तजयंतीची यात्रा. घोडेबाजार इतका मोठा की महाराष्ट्राबाहेरून लोक येतात. तिथे सौदा झाला की घोडी त्याच दिवशी निघते. आयुष्यात पहिल्यांदा गाडी बघते ती अनोळखी माणसाच्या हातात, गर्दीत, पुष्कळदा अंधार पडल्यावर. जी गोष्ट सावकाश आठवडाभरात शिकवायची, ती दहा मिनिटांत उरकतात. पहिला अनुभव असा गेला की पुढची दहा वर्षं प्रत्येक टेम्पोसमोर ती पाय रोवणार.

आमच्या भाईंदरात लग्नसराईत वरातीच्या घोड्या भरपूर. गेल्या हिवाळ्यात आमच्याच गल्लीच्या तोंडावर वरात संपली आणि पांढरी घोडी टेम्पोत चढेना. तीन पोरं दोर ओढतायत, चौथा मागून काठी आपटतोय, डीजेच्या गाडीचे दिवे अजून लुकलुकतायत. घोडी मागे, मागे, आणखी मागे. डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांच्यातलाच एक वयस्कर माणूस चहा पिऊन आला. पोरं त्याला चाचा म्हणत होती. त्याने पहिल्यांदा काठी काढून घेतली. मग म्हणाला, “उसको आगे कुआँ दिख रहा है, कुआँ!”

मग चाचाने जे केलं ते मी उभं राहून नीट पाहिलं. डीजेचे दिवे बंद करायला लावले. टेम्पोच्या आत मोबाइलचा टॉर्च टांगला, घोडीच्या डोळ्यात जाणार नाही असा. टेम्पो पुढे-मागे करून त्याचं मागचं तोंड फुटपाथच्या उंचवट्याला लावला, म्हणजे फळीचा चढ कमी झाला. गावाकडे शेताच्या बांधाला ट्रक लावतात, तेच. फळी डुगडुगत होती, तिच्याखाली विटा सरकवल्या, वर पोतं अंथरलं. टेम्पोची एक बाजू भिंतीलगत होती, दुसऱ्या बाजूला एक पोरगा उभा केला, नुसता. ओढायचं नाही, बोलायचं नाही.

मग तो घोडीच्या समोर नव्हे, खांद्याशी उभा राहिला. तिच्याकडे टक लावून बघत नव्हता, टेम्पोच्या आत बघत होता. दोर हलका ताणला. तिने वजन जरासं पुढे टाकलं, लगेच दोर सैल. हे महत्त्वाचं आहे: बक्षीस म्हणजे सैल दोर. पाऊल पुढे टाकण्याची गरजसुद्धा नव्हती, पुढे झुकली तेवढ्यावर त्याने तिला सोडलं. मानेवर थोपटलं. पुन्हा ताण, पुन्हा सैल. तिने मान खाली घालून फळी हुंगली, तेव्हा सगळे थांबले. एक टाप फळीवर आली, ढब्ब वाजलं, ती मागे गेली. त्याने जाऊ दिलं! पोरं वैतागली. पण मागे जाता येतं हे कळलेली घोडी पुढे जायला तयार होते. तिसऱ्या खेपेला पुढचे दोन्ही पाय, मूठभर चणे, पुन्हा खाली. चौथ्या खेपेला आत. सगळं मिळून वीस-पंचवीस मिनिटं.

तुमच्याकडे घोडा असेल, किंवा शूटवर, लग्नात, ट्रेकच्या धंद्यात संबंध येत असेल, तर हेच काम प्रवासाच्या आठवडाभर आधी, दिवसा, इंजिन बंद ठेवून करा. रोज दहा मिनिटं. चंदी गाडीतच द्या. सरावलेला दुसरा घोडा असेल तर तो आधी आत. तासभर झगडा झालाय आणि तुमचाच पारा चढलाय असं वाटलं तर थांबा, पाणी प्या. तुमचा राग त्याला तुमच्या हाताच्या दोरातून कळतो.

कायदाही आहे. जनावरांच्या वाहतुकीचे १९७८चे नियम. त्यात घोड्यांसाठी पशुवैद्यकाचा दाखला, खास मागची फळी, बाजूंना गादी, घसरू नये म्हणून काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, दोन घोड्यांमध्ये बांबूचा दांडा, एका गाडीत जास्तीत जास्त चार ते सहा. घोड्यांची तोंडं डावीकडे, म्हणजे बाजूने जाणाऱ्या ट्रॅफिकपासून उलट दिशेला. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. घोडबंदर रोडवर हा शेवटचा नियम पाळणं फारसं अवघड नाही, खड्डे बघून घेतात. बाकीचे नियम टेम्पोवाल्याला तुम्हीच विचारायचे, गाडी ठरवताना, पैसे देण्याआधी.

एक राहिलं. आत गेल्यावर लगेच डोकं बांधायचं नाही. आधी मागचा दांडा किंवा फळी लावायची, मग दोर. आधी बांधलं आणि मागे मोकळं असलं तर घोडा मागे रेटा देतो, मानेला झटका बसतो, आणि तो वेडापिसा होतो. उतरवताना बरोबर उलट: आधी दोर सोडायचा, मग फळी उघडायची. आणि उतरल्यावर पहिलं पाणी.

पुढच्या भागात मुंबईतले अरबी तबेले. भेटू.