परळचे उंदीर आणि घरचें विरजण

दहीं लावण्याचें काम ज्यांच्या हातून रोज होतें, त्या गृहिणींना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दूध एकाच गवळ्याचें, विरजणहि एकाच घरचें. तरी शेजारीं दहीं कवडीदार लागतें आणि आपल्याकडे त्याला पाणी सुटतें. भांडें नीट धुतलेलें नसलें, तर त्यांत आधींच ठाण मांडून बसलेले जंतु नव्या विरजणाचें कांहीं चालूं देत नाहींत. प्रयोगशाळेंतील उंदराचा देह हें असेंच न धुतलेलें भांडें होय. त्यामुळें विद्वानांचीहि कशी फसगत होऊं शकते, ह्याचा एक दाखला आपल्या मुंबईंतच घडलेला आहे.

१९२८ सालीं लूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडत व कित्येक जणी दगावत. त्या पंडुरोगाचें मूळ शोधण्याचें काम बाईंनीं परळच्या हाफकिन संस्थेंत हातीं घेतलें. रोगाचें कारण अन्नांतील उणीव असावी, असा त्यांचा तर्क. त्या बायका जें निकस अन्न खात, तशाच अन्नावर त्यांनीं पांढरे उंदीर पोसले. गाभण माद्यांचें रक्त आटूं लागलें. यीस्ट दिलें, कीं तें आटणें थांबे. तर्क सिद्ध झाला, असें कोणासहि वाटलें असतें!

पण उंदरांच्या रक्तांत बार्टोनेला नांवाचे जंतु निघाले. हे जंतु उवांच्या द्वारें एका उंदरापासून दुसऱ्यास लागतात, धडधाकट उंदराच्या अंगांत मुकाट्यानें राहतात, आणि अन्न निकस झालें कीं डोकें वर काढतात. मग रक्त आटलें तें अन्नाच्या उणिवेनें, कीं जंतूंनीं? मेहता ह्यांच्यासह १९३० सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या मथळ्यांतच बाईंनीं बार्टोनेलाचें नांव घातलें. हा प्रांजळपणा मला त्यांच्या विद्वत्तेहून मोलाचा वाटतो. त्यांनीं माकडांवरहि प्रयोग केले. आणि यीस्टच्या अर्कानें, म्हणजे बाजारांतल्या मार्माइटनें, मुंबईच्या बायका बऱ्या होतात, हें १९३१ सालीं जाहीर केलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक ॲसिड ठरलें. आजहि गर्भिणीस त्याच्याच गोळ्या देतात.

आतां पोटास उपकारक अशा जिवंत जंतूंच्या पुड्या अकोल्याच्या औषधदुकानांतहि मिळतात. त्यांस प्रोबायोटिक म्हणतात, आणि त्यांच्या गुणांच्या पुष्कळ कथा उंदरांवरच्याच आहेत. परंतु एकाच वंशाचे लहान उंदीर अमेरिकेंतील जॅक्सन व टॅकोनिक ह्या दोन पैदासकेंद्रांतून आणले, तेव्हां टॅकोनिकच्या उंदरांच्या आंतड्यांत एक तंतूसारखा जंतु आढळला, जॅक्सनच्यांत नाहीं. त्या एका जंतूनें रोगप्रतिकारक पेशींचा तोल बदलतो, हें २००९ सालीं न्यूयॉर्कच्या संशोधकांनीं दाखविलें. शिवाय उंदीर स्वतःची व एकमेकांची विष्ठा खातात. सांगण्यास किळसवाणें, पण हिशेबास महत्त्वाचें. एका पिंजऱ्यांतले ५ उंदीर हे ५ साक्षीदार नव्हेत, एकाचीच साक्ष ५ मुखांनीं ऐकल्यासारखें तें आहे.

२०१८ सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं ११ जातींचे जंतु निरोगी माणसांस दिले आणि नळी घालून त्यांच्या आंतड्यांची आंतून तपासणी केली. कांहींच्या आंतड्यांत ते जंतु रुजले. कांहींच्या आंतड्यांनीं त्यांना थारा दिला नाहीं. नुसत्या विष्ठेच्या तपासणीवरून मात्र हा भेद ओळखूं येईना, कारण तींत दोघांचेहि जंतु सारखेच उतरत होते.