मारक मात्रेचे भाषांतर : मुखविषाक्ततेच्या वर्गीकरणाचा इतिहास

रासायनिक पदार्थ पोटात गेल्यास किती घातक ठरेल, हे सांगण्यासाठी विसाव्या शतकाने एक आकडा रूढ केला : मध्यम मारक मात्रा, अर्थात एलडी-५०. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती ही मात्रा. ती शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. या आकड्याचे चिन्हात, चिन्हाचे शब्दात आणि शब्दाचे आचरणात रूपांतर होताना त्याचा अर्थ कसा बदलत गेला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

या संकल्पनेचा उगम विषाच्या भयातून झालेला नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेतील जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ साली ती मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता तो औषधांच्या प्रमाणीकरणाचा. डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या द्रव्यांची प्रत्येक खेप सारख्याच ताकदीची आहे, हे ठरवायचे होते. त्यापूर्वी ‘किमान मारक मात्रा’ शोधली जाई. परंतु प्राण्यागणिक सहनशक्ती निराळी असल्याने ती कधीच स्थिर राहत नसे. मृत्यूचे प्रमाण निम्म्यावर येते तेथे मापनातील चूक सर्वांत कमी राहते, हे ट्रेव्हन यांनी दाखवून दिले. म्हणजे हा आकडा मुळात तुलनेचे साधन होता. सुरक्षिततेची ग्वाही त्यात अभिप्रेत नव्हती.

भारतात या आकड्याला कायद्याची भाषा मिळाली ती एका दुर्घटनेनंतर. १९५८ साली पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन केरळ व मद्रास राज्यांत शंभरावर माणसे दगावली. न्यायमूर्ती जे. सी. शाह यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. पुढे १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. या नियमांनी मुखावाटेच्या मारक मात्रेला रंग दिले : १ ते ५० लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. लेबलावरील मजकूर हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत असावा, असेही बंधन घातले.

संयुक्त राष्ट्रांची २००३ साली प्रसिद्ध झालेली जागतिक सुसंवादी प्रणाली मात्र याच आकड्यांवर ५, ५०, ३००, २००० आणि ५००० अशा निराळ्या सीमा आखते. समजा, एखाद्या द्रव्याची मारक मात्रा ४०० आहे. भारतीय नियमांनुसार त्यावर पिवळा रंग आणि ‘विष’ हा शब्द येतो; जागतिक प्रणालीत तेच द्रव्य चौथ्या वर्गात जाऊन कवटीऐवजी उद्गारचिन्ह धारण करते. उंदरांच्या मृत्यूचे तथ्य एकच, त्याची वाचने मात्र दोन. वर्गाची सीमा निसर्गात नसते. ती माणसांनी ठरवलेली असते.

दरम्यान विज्ञानाने स्वतःच नेमक्या आकड्याचा आग्रह सोडला. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ साली प्रमाणभूत मानलेली चारशे एक क्रमांकाची चाचणी २००२च्या अखेरीस रद्द केली. तिच्या जागी आलेल्या पद्धतींत प्राणी थोडे लागतात. त्यांपैकी निश्चित मात्रा पद्धतीत तर मृत्यूऐवजी विषबाधेची स्पष्ट लक्षणे हाच निकष मानला जातो. शोध आता प्रामुख्याने वर्गाचा आहे.

तथापि भाषांतराची अखेरची पायरी प्रयोगशाळेबाहेरच राहते. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस मुले मृत्युमुखी पडली. स्वयंपाकाचे तेल कीटकनाशकाच्या जुन्या डब्यात ठेवले गेल्याचे तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले होते. वर्गीकरण विषाचे होते, आणि ते अचूकही होते. परंतु रिकामा डबा घरात, शाळेत पुन्हा वापरला जातो, तेव्हा त्यावरील खूण वाचणारा कोणी असेलच, हे त्या वर्गीकरणाने गृहीत धरले होते. संहितेबरोबर तिच्या वाचकाचाही विचार करण्याची सवय तौलनिक अभ्यासकाला असते. विषाच्या लेबलाकडेही त्याच दृष्टीने पाहणे आवश्यक आहे.