लियोंचा मार्टिन आणि लखनौची इंग्रजी शाळा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लखनौच्या इतिहासावर काही लिहावे, असा चिटणिसांचा निरोप आला, त्याच आठवड्यात फ्रान्समधील लियों शहरातून माझ्या मुलाचा दूरध्वनी आला. नोकरीच्या निमित्ताने तो दोन वर्षांपूर्वी सहकुटुंब तिकडे गेला. नात आता अकरा वर्षांची होईल. तेथील आंतरराष्ट्रीय शाळेच्या इंग्रजी विभागात तिचे नाव घालण्याचा त्याचा विचार होता आणि अर्ज भरता भरता तो एका रकान्यापाशी अडला होता. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा क्रमाने लिहावयाच्या होत्या. "बाबा, पहिली कोणती लिहू? इंग्रजीच्या विभागात प्रवेश मागायचा आणि मराठी पहिली लिहायची, हे बरे दिसेल का?" असा त्याचा प्रश्न.

मी त्यास लगेच उत्तर दिले नाही. परंतु लियों हे नाव कानी पडताच आमच्या लखनौतील एका थडग्याची आठवण झाली, आणि चिटणिसांना द्यावयाच्या लेखाचा विषयही सापडला. कारण लखनौमध्ये इंग्रजी शाळेसाठी आपली दौलत ठेवून गेलेला मनुष्य इंग्रज नव्हता. तो लियोंचा होता.

क्लोद मार्तँ याचा जन्म ५ जानेवारी १७३५ रोजी लियों येथे झाला. इंग्रजांनी त्याचे नाव क्लॉड मार्टिन केले. आपणही तेच वापरू. बाप लाकडी पिंपे बनविण्याचा धंदा करीत असे. मुलाने सोळाव्या-सतराव्या वर्षी फ्रेंच कंपनीच्या पलटणीत साधा शिपाई म्हणून नाव नोंदविले व तो पाँडिचेरीस आला. पुढे फ्रेंचांचे दिवस फिरले आणि १७६० साली मार्टिन इंग्रजांच्या बाजूस आला. त्याच्या या कृतीस कोणी फितुरी म्हणतात, कोणी व्यवहार. माझे मत विचाराल तर त्या काळातील भाडोत्री शिपायाकडून याहून वेगळी अपेक्षा करणेच चूक होय. इंग्रजांकडे त्याने प्रथम जमिनीच्या मोजणीचे व नकाशांचे काम केले. १७७६ साली नवाब आसफउद्दौलाच्या शस्त्रागाराचा अधीक्षक म्हणून तो लखनौस आला आणि शेवटपर्यंत येथेच राहिला. लियोंला तो पुन्हा कधीही गेला नाही.

हा मनुष्य मोठा विलक्षण होता. त्याने तोफा ओतल्या, निळीची लागवड केली, नवाबास व्याजाने पैसे दिले, पुस्तके जमविली, फुगे आकाशात सोडण्याचे प्रयोग केले; एवढेच नव्हे, तर स्वतःच्या मूत्राशयातील खडा एक तार आत घालून त्याने स्वतःच्या हाताने झिजविला! त्याने १७८६ साली ओतलेली ‘लॉर्ड कॉर्नवॉलिस’ नावाची तोफ श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत टिपू सुलतानाविरुद्ध डागली गेली. मार्टिन स्वतःही त्या मोहिमेत कॉर्नवॉलिसच्या दिमतीस होता. आपल्या वाचकांस येथे आठवण देण्यास हरकत नाही, की त्याच युद्धात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजाही टिपूवर चालून गेल्या होत्या. त्या तळांवर कोणा मराठा सरदाराची व या लियोंकराची दृष्टभेट झालीच असेल, तर ती कोणत्या भाषेत, हे सांगण्यास साधन नाही. फारसीत झाली असेल, असे मला वाटते.

मार्टिनचे मृत्युपत्र १ जानेवारी १८०० चे आहे. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला तो लखनौ येथे वारला. मृत्युपत्र लांबलचक आहे आणि ते त्याने इंग्रजीत लिहिले. हे इंग्रजी त्याचे स्वतःचे आहे. शुद्धलेखन वाकडे, वाक्ये मनास येतील तशी वळलेली. शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाचे ते लेखन नव्हे. छावणीत, कचेरीत, देवघेवीत ऐकून ऐकून जी भाषा अंगवळणी पडली, तिच्यात त्याने आपल्या सर्व संपत्तीची वाटणी केली. मला या दस्तऐवजात जर काही हृदयस्पर्शी वाटत असेल तर ते हेच.

संपत्तीतील मोठा भाग त्याने तीन शहरांतील शाळांसाठी ठेवला: लखनौ, कलकत्ता आणि लियों. गोमतीकाठच्या आपल्या ‘कॉन्स्टॅन्शिया’ या प्रासादाविषयी त्याने लिहून ठेवले, की तेथे विद्यालय असावे आणि ज्यांची इच्छा असेल अशा तरुणांना इंग्रजी भाषा व ख्रिस्ती धर्म यांचे शिक्षण मिळावे. लियोंमधील शाळेचे स्वरूप ठरविण्याचे काम त्याने तेथील विद्वत्सभेकडे सोपविले. म्हणजे पाहा, हा फ्रेंच मनुष्य. परंतु लखनौस फ्रेंच शाळा काढावी, असे त्याच्या मनात आले नाही. हिंदुस्थानात यापुढे कोणाचे राज्य चालणार आणि पोटाला कोणती भाषा उपयोगी पडणार, हे त्याने पाँडिचेरीच्या पाडावापासून ओळखले होते. ज्या भाषेने स्वतःचे दैव पालटले, ती त्याने येथील मुलांसाठी ठेवली, आणि आपली मातृभाषा आपल्या गावच्या मुलांकडे राहू दिली.

मृत्युपत्र झाले तरी शाळा लगेच झाली नाही. वारसांचे, विश्वस्तांचे आणि अर्थाचे वाद कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. लियोंमध्ये शाळा १८२६ साली सुरू झाली. कलकत्त्याची १ मार्च १८३६ रोजी. लखनौची सर्वांत शेवटी, १ ऑक्टोबर १८४५ रोजी. म्हणजे दात्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी. इतक्या काळात ज्या मुलांसाठी हे दान होते त्यांची मुलेही मोठी झाली असतील! १८६९ साली लखनौत मुलींची शाळा निघाली. लियोंची शाळा हुन्नर व यंत्रविद्या शिकविण्यासाठी नावाजली. चलच्चित्राचे जनक ऑग्युस्त व लुई ल्युमिएर हे बंधू तिचेच विद्यार्थी. आजही लियोंमध्ये तीन सरकारी विद्यालये ‘ला मार्तिनिएर’ हे नाव धारण करतात. परंतु हे नाव लखनौहून आलेल्या पैशाचे आहे, हे तेथील किती पालकांस ठाऊक असेल?

लखनौच्या शाळेत ‘ज्यांची इच्छा असेल’ असे शब्द असले तरी प्रत्यक्षात दीर्घकाळ ती युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांचीच राहिली. १८५७ साली तर ती उघडपणे एका बाजूची झाली. शिक्षक व विद्यार्थी रेसिडेन्सीत गेले. मोठी मुले पहाऱ्यास उभी राहिली, लहानांनी जखमींना वारा घातला, निरोप पोहोचविले, दळण दळले. त्याबद्दल शाळेस पुढे युद्धातील सन्मानचिन्ह मिळाले. त्या मुलांचे धैर्य खोटे नव्हते. परंतु तटाच्या दुसऱ्या बाजूस याच शहराची मुले होती, आणि त्यांच्यासाठी कोणी चिन्ह काढले नाही, हेही तितकेच खरे. किपलिंगच्या १९०१ सालच्या ‘किम’ या कादंबरीतील लखनौची शाळा या शाळेवरूनच बेतली, असा समज रूढ आहे. त्या कथेत एक तिबेटी लामा एका मुलाच्या इंग्रजी शिक्षणासाठी वर्षाला तीनशे रुपये भरतो. इंग्रजी शाळेचा प्रवेश, तिची फी आणि त्यासाठी घरच्यांनी पोटास चिमटा घेणे, या गोष्टी तेव्हापासूनच्याच आहेत!

स्वातंत्र्यानंतर दारे उघडली, आणि मग आपली माणसेही त्या रांगेत उभी राहिली. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी महाविद्यालयात नोकरीस येऊन येथे स्थायिक झालेले. माझे वडील त्यांपैकीच. आमच्या घरी दर रविवारी दुपारी साताऱ्यास आजीला आंतर्देशीय पत्र लिहावे लागे. वडील सांगत, मी लिही. ऱ्हस्वदीर्घ चुकले तर पुन्हा लिहिणे. शाळेत न शिकलेली मराठी मी त्या निळ्या कागदावर शिकलो.

माझ्या मुलाच्या वेळी मात्र माझ्या हातून एक चूक झाली, ती येथे नमूद करतो. शहरातील एका इंग्रजी शाळेत त्यास घेऊन मुलाखतीस गेलो. मुख्याध्यापिकेने त्याला काही प्रश्न विचारले. तो गोंधळला आणि मराठीत बोलून गेला. बाईंनी अत्यंत सौजन्याने सल्ला दिला, की घरात काही महिने इंग्रजीच बोलत जा. आम्ही तो सल्ला आज्ञेप्रमाणे पाळला. जेवताना, झोपताना, रागावताना इंग्रजी. मुलाला प्रवेश मिळाला. परंतु त्या तीन महिन्यांत माझी आई घरात मुकी झाली. ती नातवाशी बोलावयास येई आणि आमच्याकडे पाहून थबके. एके दिवशी तिने मला विचारले, "अरे, मी साताऱ्यास जाऊन राहू का?" त्या रात्रीपासून इंग्रजीचा नियम मोडला. पण मुलाच्या मराठीत त्या काळाची एक खोच राहिली ती राहिलीच. आजही तो घाईत असला की मराठी वाक्याचा शेवट इंग्रजीत करतो.

येथे एका थोर पुरुषाचे स्मरण करणे प्राप्त आहे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय निघाले. तेच आज भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाते. भातखंड्यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, आणि क्रमिक पुस्तकेही मूळ मराठीतच. परंतु लखनौच्या विद्यालयात मराठीचा आग्रह त्यांनी धरला नाही. येथील मुलांना येथील भाषेत विद्या मिळाली, आणि ग्रंथ मागाहून हिंदीत गेले. मार्टिनने जे धन ठेवून केले, तेच भातखंड्यांनी विद्या देऊन केले. दोघेही परमुलखात शाळेची भाषा ठरविताना आपल्या भाषेसाठी अडून बसले नाहीत. फरक एवढाच, की पंडितजींचे लेखन मराठीतच राहिले आणि जगाला त्याकडे यावे लागले.

आता लियोंकडे वळू. फ्रान्समध्ये अशा शाळांची सुरुवात १९५२ साली पॅरिसजवळच्या सें-जेर्मे-आं-ले येथे झाली. नाटोच्या लष्करी मुख्यालयात नेमलेल्या निरनिराळ्या देशांच्या अधिकाऱ्यांची मुले एका छताखाली शिकावीत, परंतु त्यांची भाषा सुटू नये, हा हेतू. पुढे मुख्यालय फ्रान्समधून हलले, शाळा मात्र राहिली आणि तीच कल्पना इतर शहरांत पसरली. लियोंची आंतरराष्ट्रीय शाळा १९९२ पासून गेर्लां भागातील आपल्या इमारतीत भरते. ही सरकारी शाळा आहे. मुले बहुतेक विषय फ्रेंचमध्येच शिकतात. परंतु प्रत्येक विभागात त्या भाषेचे साहित्य आणि इतिहास-भूगोलाचा काही भाग त्या भाषेत शिकवितात. शेवटी शालान्त परीक्षेतही या विषयांची कसोटी होते. २०२४ पासून तिचे नाव ‘फ्रेंच आंतरराष्ट्रीय बॅकलोरिआ’ असे झाले आहे. विभाग इंग्रजीबरोबरच जर्मन, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज, पोलिश, जपानी असे आहेत. मराठीचा नाही, हिंदीचाही नाही.

म्हणून आमच्या नातीस इंग्रजी विभाग. अर्ज केल्यावर लेखी परीक्षा आणि तोंडी मुलाखत होते. त्या भाषेत वाचून, विचार करून मूल लिहू शकते का, हे पाहतात. दोनशे वर्षांपूर्वी लियोंचा मुलगा लखनौस येऊन इंग्रजीच्या आधाराने मोठा झाला. आज लखनौची मुलगी लियोंस जाऊन इंग्रजीच्याच दाराने आत शिरू पाहते आहे. मार्टिनला हे कळते तर तो काय म्हणाला असता, ते मी सांगू शकत नाही. तो हिशेबी मनुष्य होता. बहुधा त्याने होकारच दिला असता.

गेल्या दिवाळीत मुले इकडे आली होती, तेव्हा परवानगी काढून मी नातीस कॉन्स्टॅन्शियाच्या तळघरात नेले. नवाबाने वाडा बळकावू नये म्हणून मार्टिनने स्वतःस तेथेच पुरून घेतले, असे लखनौत सांगतात. थडग्यावरील मजकूर इंग्रजीत आहे: लियोंचा जन्म, साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आगमन, मेजर जनरल म्हणून मृत्यू. नातीने तो सावकाश वाचला आणि मराठीत विचारले, "आजोबा, हा तर आमच्या गावचा. मग इथे फ्रेंच का नाही लिहिलं?" मी म्हणालो, इथे वाचणार कोण? ती म्हणाली, "मी वाचलं असतं."

मुलाला मी दोन दिवसांनी दूरध्वनी केला आणि त्याच्या आजीच्या साताऱ्याच्या प्रश्नाची आठवण दिली. त्याला ती गोष्ट माहीत नव्हती. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. थोडा वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "मराठी पहिली लिहितो." रकान्यात क्रम लागला तो असा: मराठी, हिंदी, इंग्रजी, फ्रेंच. लेखी परीक्षा झाली, मुलाखतही झाली. निकाल अजून यावयाचा आहे. रविवारच्या पत्राचा क्रम आता आम्ही लियोंशी ठेवला आहे. मागील पत्रात नातीने ‘ळ’च्या जागी दोनदा ‘ल’ लिहिला होता. तो दुरुस्त करून कागद परत पाठविला आहे.